बॅटरीच्या दोन्ही टोकांना कुंकू

आमच्या बाचा एकही फोटो नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढची आमची सगळी तारांबळ तुम्हाला वेडेपणा वाटेल. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावची. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. आमच्यात लग्नाला फोटोवाला बोलवायची रीत नव्हती, आणि लग्नानंतर कोण कशाला फोटो काढत बसतो? बा मजेत म्हणायचा, "माहा फोटो तलावाच्या पान्यात हाय, जाऊन पाय." आम्ही हसायचो.

त्या उन्हाळ्यात गावात टीव्हीवाले आले. त्यांना शेतीच्या कार्यक्रमात तलावातली मासेमारी दाखवायची होती. कोणीतरी बाचं नाव सुचवलं, कारण फेकजाळं बासारखं गोल कोणाचंच पडत नसे. भर उन्हात त्यांनी बाला गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि जाळं टाकायला लावलं, परत टाकायला लावलं, आणखी एकदा टाकायला लावलं. माय शिदोरी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आली होती. टीव्हीवाले तिला म्हणाले, बाई, जरा बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येता. मग ती कॅमेऱ्याच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन, शिदोरी पोटाशी धरून उभी राहिली. मी पाळीवरच्या चिंचेखाली होते, लांब. बा मधेच मायकडे पाहून काहीतरी बोलला आणि टीव्हीवाले हसले, एवढं मला दिसलं. कार्यक्रम दाखवू तेव्हा कळवू, असं सांगून ते गेले.

श्रावणात माय माहेरी गेली, एकोडीला. मामी बाळंत होणार होती. ती गेली आणि पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. इकडे बाला ताप भरला. मलेरिया डोक्यात चढला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मायला निरोप द्यायला निघालेला माणूस चुलबंद नदीवरून परत आला, कारण रपट्यावरून, म्हणजे तिथल्या ठेंगण्या पुलावरून, कमरेच्या वर पाणी वाहत होतं. बा गेला तेव्हाही पाणी तसंच होतं. पावसाळ्याचे दिवस, माणसाला किती वेळ ठेवणार? सगळ्यांनी मिळून उरकून टाकलं.

पाणी उतरल्यावर माय आली. दारातून आत पाहिलं तर बाची खाट भिंतीला उभी केलेली. तिनं कोणाला काही विचारलं नाही, तिला कळलंच. मग ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "तोंड कसं होतं?"

मी सांगितलं. शांत होतं. झोपल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. तिसऱ्या दिवशी मोठीमायला विचारलं, मग खांदेकऱ्यांना विचारलं, मग परत मला. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकाची विधवा, आमच्याच घरात राहायची आणि घरात चालायचं तिचंच. ती म्हणायची, "रड वो बाई, एकदाची रडून घे." माय रडली नाही. एवढ्या दिवसांत एक टिपूस नाही. गावातल्या बाया बोलायच्या, नवरा मेला तरी डोळा ओला नाही, दगड हाय दगड. मला असा राग यायचा की एकेकीच्या झिंज्या उपटाव्या.

एकदा मीच चिडले मायवर. म्हटलं, "किती डाव इचारशीन? सांगतलं नाई का झोपल्यासारखं होतं म्हनून?"

ती म्हणाली, "तसं नाई वो. मले त्याइचं तोंडच येऊन नाई राहिलं डोळ्यापुढं. हात येते, पाय येते, जाळं येते. तोंड येऊन नाई राहिलं."

त्यानंतर मी कधी चिडले नाही. खरं म्हणजे घाबरलेच. कारण रात्री पडल्यावर मी डोळे मिटून बाचं तोंड आठवायचा प्रयत्न करायची, आणि मलाही ते धड येईना.

असं चाललेलं असताना दसऱ्याच्या आधी ग्रामसेवक घरी आले. टीव्हीवाल्यांचा निरोप होता. दसरा झाला की त्याच्या दोन दिवसांनी संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात बा दिसणार होता. बा गेला हे टीव्हीवाल्यांना कुठून माहीत असणार?

माय चुलीपुढून उठून बाहेर आली. "दिसन म्हंता? तोंड दिसन?"

"दिसेल की वहिनी. टीव्ही आहे तो. बोलतानाही दिसेल."

त्या दिवसापासून माय बदललीच. जेवताना घास हातात तसाच राहायचा. दिवसातून दहा वेळा विचारायची, दसरा कोणत्या वाराचा? त्याच्या दोन दिवसांनी कोणता वार येतो? ढग दिसले की म्हणायची, पावसानं टीव्ही बंद पडते का वो? मला काय माहीत! पण मी बारावी सायन्सला नापास होऊन घरी बसलेली, तेव्हा घरातली शिकलेली मीच.

गावात टीव्ही एकच होता, शाळेतल्या गुरुजींकडे. त्यांच्या सासऱ्यांनी दिलेला, ब्लॅक अँड व्हाइट, हातात उचलून नेता येईल एवढा लहान. गुरुजींनी लगेच सांगितलं की या, आमच्याकडेच या. मी म्हटलं, चला, झालं काम.

आणि दसऱ्याच्या आधीच्या रात्री गावाची डीपी जळली. धडाम आवाज झाला, आणि गाव काळंठिक्कर. सकाळी मी वायरमनला गाठलं. तो सायकलवर एक पाय टेकवून म्हणाला, नवी डीपी भंडाऱ्याहून येईल, दिवाळीच्या आत आली तर नशीब समज. मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तो बिचारा ऐकून घेऊन निघून गेला.

दुसऱ्या गावी जावं, तर नदीच्या अलीकडे आमच्या माहितीत कोणाकडे टीव्हीच नव्हता. साकोलीकडे जायचं म्हणजे तोच रपटा ओलांडायचा. ते ऐकूनच माय म्हणाली, "त्या रपट्यावर मी आता पाय नाई ठेवत." मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. नाही म्हणजे नाहीच.

मार्ग गुरुजींनी काढला. टीव्हीच्या मागे एक गोल भोक होतं, गाडीच्या बॅटरीची वायर लावायला. वायर डब्यात जपून ठेवलेली होती, तिच्या एका तोंडाला लाल चिमटा आणि दुसऱ्याला काळा. त्यांनी ती कधी वापरली नव्हती. गुरुजी म्हणाले, "लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. दुकानदारानं बजावून सांगितलंय, उलटं लावलं तर सेटची राख होईल." मास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. माहेरची वस्तू ती, त्यांचा जीव त्यात.

बॅटरी गावात एकाच ठिकाणी, राइस मिलवाल्या शेठच्या जीपमध्ये. दसऱ्याला जीप धुऊन, पूजा करून मिलच्या आवारात उभी होती आणि ड्रायव्हर सोनं वाटायला सासुरवाडीला गेला होता. शेठही गावात नव्हते. शेठाणी भल्या बाई. म्हणाल्या, "न्या न्या, घेऊन जा. त्याइचं तोंड दिसू द्या बिचारीले. पन ड्रायव्हर याच्या आंदी आनून ठेवजा बाप्पा."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी गुरुजींनी पाना फिरवून बॅटरी सोडवली. सायकलच्या कॅरिअरवर ठेवून ते सायकल ढकलत होते आणि मी दोन्ही हातांनी ती धरून मागे चालत होते. खड्डा आला की आतलं पाणी डचमळायचं. घरी जाऊन पाहते तर माझ्या परकराला अ‍ॅसिडनं भोकं पडून चाळण झालेली. पण त्याचं दुःख करायला वेळ कोणाला होता?

गुरुजींच्या ओसरीवर बॅटरी ठेवली, आणि लाल चिमटा हातात घेऊन गुरुजी तसेच थांबले. म्हणाले, "अरे देवा."

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून साऱ्या हत्यारांची पूजा होते. नांगर, विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, ज्यावर पोट चालतं ते सगळं. आमच्या घरी बाच्या जाळ्याला दरवर्षी कुंकू लागायचं, त्या वर्षी जाळं नुसतंच खुंटीला लटकत राहिलं. पण शेठाणींचा दसरा दणक्यात झाला होता. जीपचं बोनट उघडून त्यांनी इंजिनाला हार घातला होता, आणि तेलात कालवलेलं कुंकू बोट भरभरून फासलं होतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना फासलं होतं. एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, असं कुठली बाई करील? आता दोन्ही टोकं सारखी लालभडक.

"याच्यावर अधिक-उण्याची खूण असेल ना?" मी म्हटलं.

खूण नव्हती. बॅटरी जुनी, साकोलीला दुरुस्त करताना वरून डांबर ओतलेलं, त्यात खुणा बुजून गेलेल्या. ड्रायव्हरनं ओळखायला एका टोकाला लाल रंग दिला होता म्हणे. सोडवताना कोणती वायर कोणत्या टोकाला होती, हे गुरुजींनी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं. दोघं शिकलेले!

तोवर माणसं जमायला लागली होती. माय आली, तिच्या मागे मोठीमाय आली. मोठीमायला हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. वर्षसुद्धा झालं नाही आणि ही बाई लोकाच्या घरी टीव्ही पाहायला बसणार, लोक काय म्हणतील, हे तिनं सकाळपासून घरात लावून धरलं होतं. तरी आली.  उन्हं कलली होती, कार्यक्रमाला फार वेळ नव्हता, आणि गुरुजी चिमटा धरून उभेच.

"कुंकू पुसून काढलं तर खालचा रंग दिसेल," गुरुजी म्हणाले आणि फडकं शोधायला आत वळले.

माय पुढे झाली. खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती बॅटरीवरचं कुंकू पुसायला लागली.

"अवो, तू नको हात लावू त्याले," मोठीमाय म्हणाली. "दसऱ्याचं कुंकू हाय ते."

"आता काय होनार हाय माहं?" माय म्हणाली. मान वर केली नाही तिनं. एक टोक पुसलं, मग दुसरं पुसलं. बाच्या नावाचं कुंकू पुसल्यापासून तिच्या बोटांना कुंकू लागलं नव्हतं.  तिचा पांढरा पदर लाल झाला. आणि दोन्ही टोकं तशीच, दोन्हींवर लालसर डाग. रंग कोणता आणि कुंकू कोणतं, कोणाला सांगता येईना. दरवर्षीच्या दसऱ्यानं दोन्ही टोकं रंगून गेली होती.

मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या आता. सेट गेला म्हणजे?" त्यांचंही चूक नव्हतं. पण मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या मागे सरकल्या.

तेव्हा मला कॉलेजातलं प्रॅक्टिकल आठवलं. काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी, त्यात बॅटरीच्या दोन तारा, आणि तारांवर येणारे बुडबुडे. मी ओरडलेच, "पेला द्या एक, काचेचा! आन मीठ द्या!" मास्तरीणबाईंनी दिलं. मी दोन तारांची टोकं सोलली, बॅटरीला गुंडाळली आणि पाण्यात सोडली, एकमेकींपासून लांब. सगळी डोकी पेल्यावर वाकली. एका तारेवरून बुडबुडे सुटायला लागले, भराभरा. दुसरी तार नुसतीच काळपट-हिरवी पडायला लागली.

"झालं," मी म्हटलं. "बुडबुडेवाली मायनस."

"नक्की?" गुरुजी म्हणाले.

"नक्की."

"की प्लस? नीट आठव."

नीट आठव म्हटल्याबरोबर सगळं विसरले.  हायड्रोजन उण्याकडे जातो, की अधिकाकडे? हाच प्रश्न परीक्षेला आला होता आणि मी काय लिहिलं होतं? मी नापास झाले होते ती बरोबर लिहून की चूक लिहून? समोर माय बसलेली, लाल पदर मुठीत आवळून, माझ्या तोंडाकडे पाहत. मला तिचा राग आला, गुरुजींचा आला, शेठाणींचा आला, जगातल्या सगळ्या कुंकवाचा आला. मी म्हटलं, "सांगतलं ना मायनस म्हनून! लावा!"  आत नुसतं देवा, देवा चाललं होतं.

गुरुजींनी डोळे मिटले आणि चिमटे लावले. मग बटण दाबलं.

काही झालं नाही. धूर नाही, आवाज नाही, काही नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, "गेला." तेवढ्यात काचेच्या मधोमध उजेडाचा ठिपका आला, पसरला, आणि पडदाभर मुंग्या चालायला लागल्या. ओसरीवरच्या माणसांनी गलका केला. कोणीतरी छपरावर चढून अँटेनाचा बांबू फिरवला. मुंग्यांमधून एक माणूस दिसायला लागला, टाय घातलेला, धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलणारा.

तो बोलतच राहिला. कोणतं औषध, किती पाण्यात, कोणत्या वेळी. संपेचना मेल्याचं. आणि मला दिसलं की चित्राच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी आली आहे. आधी बोटभर होती. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅटरी उतरत होती. जीप उभी राहून राहून बॅटरी आधीच अर्धीमुर्धी उतरली होती, आणि राहिलेलं तो तुडतुडेवाला खात होता. पट्ट्या जाड व्हायला लागल्या. वरून खालूनही आल्या. चित्र आखडत आखडत पाटीएवढं झालं.

"बंद करून मंग लावा ना," कोणीतरी म्हणालं.

"नको," गुरुजी म्हणाले. "बंद केला तर परत लागणार नाही."

माय सरकत सरकत पुढे गेली होती. तिनं मला विचारलं नाही, काय होऊन राहिलं म्हणून. तिला कळत होतं. तिचे ओठ हलत होते. तुडतुडेवाल्यानं नमस्कार केला आणि आमचा तलाव आला.

आधी पाळ आली, चिंच आली. मग बा. पाठमोरा. जाळं खांद्यावर, गुडघाभर पाण्यात. त्यानं जाळं फेकलं आणि ते गोल पडलं. परत फेकलं. पाठमोराच. चित्र आता वहीच्या पानाएवढं. माझ्या मनात ओरडा चालला होता, अरे फिर ना बा, फिर इकडे! फिर ना एकदा!

तो फिरला.

बाचं तोंड हातभर अंतरावर होतं, तळहाताएवढं. घामानं चमकत होतं, डोळे उन्हानं बारीक केलेले, आणि डाव्या बाजूनं हसायची ती सवय. मी कशी विसरले होते ती? मायनं हात पुढे केला आणि काचेला न लावता तसाच धरला.

"लगित रोडले वो," ती पुटपुटली.

"रोडले नाई माय, बॅटरी उतरून राहिली," मी म्हटलं. 

टीव्हीवाल्यानं विचारलं, मासा कुठे आहे ते कसं कळतं? बा म्हणाला, "पानी सांगते ना. पान्याकडं पाहाचं, मंग ते सांगते." चित्राची नुसती उभी फट राहिली. फटीत बाचा एक डोळा आणि नाक. मग त्यानं मान वळवली, बाजूला कोणाकडे तरी पाहिलं, आणि तेवढ्यात फट मिटली. पडदा काळा झाला.

पण आवाज बंद झाला नव्हता. आवाज अजून येत होता, खोल गेलेला, पण बाचाच.

"उन्हात कायले उभी हास वो? तू जाय घरी, भात लाव. मी येतोच मांगून."

त्यामागे माणसं हसल्याचा आवाज आला, आणि मग तोही गेला.

उन्हाळ्यात पाळीवर तो मायला हेच म्हणाला होता.  माय काळ्या काचेपुढून उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो. या."

आणि ती ओसरी उतरून चालायला लागली.

मी आणि मोठीमाय मागून धावलो.  घरी येऊन तिनं चूल पेटवली, तांदूळ धुतले, भाताच्या गंजात आधण ठेवलं. मी पाहिलं, गंजात तांदूळ जास्त पडले होते. बा होता तेव्हा पडायचे तेवढे.  भात शिजून वर आला, गंज भरून आला, तेव्हा तिलाच दिसलं. ती हातात पळी घेऊन गंजाकडे पाहत राहिली आणि तिथेच चुलीपुढे बसली, आणि रडली. श्रावणापासून साठलेलं सगळं एकदम आलं. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडली माझी माय. मी तिला धरलं आणि मीही रडले.

रडता रडता ती पदरानं तोंड पुसत होती. त्या पदराचं कुंकू ओलं झालं आणि तिच्या गालाला लागलं, मग कपाळाला लागलं. चांगलं ठसठशीत, मधोमध. तिला ते माहीतच नव्हतं. मोठीमायनं ते पाहिलं. मी वर मान करून तिच्याकडे असे डोळे वटारले, की आता एक शब्द काढून तर पाहा.

मोठीमाय उठली, दाराशी गेली, आणि बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून तिनं आतून कडी घातली.